पीपी-नायलॉन मिश्रणासाठी नॅनोक्ले की नॅनो कॅल्शियम कार्बोनेट?

पॉलिप्रॉपिलीन (पीपी) आणि नायलॉन ६ या प्लास्टिकांच्या मिश्रणातून भाग घडवताना फिलर, म्हणजे गुणधर्म सुधारण्यासाठी मिसळायची भर, म्हणून हे दोन पर्याय अनेकदा समोर येतात. निवड करण्यापूर्वी आपला भाग वाकून निकामी होतो की आदळून फुटतो, हे आधी ठरवावे.

नॅनोक्लेचे, म्हणजे अतिसूक्ष्म चिकणमातीचे, पापुद्रे सुमारे १ नॅनोमीटर जाड, पण शेकडो नॅनोमीटर रुंद असतात. ते नीट सुटे झाले, तर थोड्याच मात्रेत ताठरपणा वाढतो. टोयोटाच्या संशोधकांनी केवळ नायलॉन ६ मध्ये सुमारे ५ टक्के क्ले मिसळली, तेव्हा ताणशक्ती ६९ वरून १०७ मेगापास्कलवर गेली आणि भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ वरून १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले. मिश्रणात मात्र हेच आकडे मिळतील, असे गृहीत धरू नये. क्लेचा ओढा ध्रुवीय नायलॉनकडे असतो. तिथे ती पीपीमध्ये विखुरलेल्या नायलॉनच्या थेंबांना एकमेकांत मिसळून मोठे होण्यापासून रोखते, त्यामुळे रचना बारीक राहते, परंतु तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची क्षमता सहसा घटते. शिवाय क्लेवरील अमोनियम क्षारांचा लेप २०० अंशांच्या आसपासच विघटित होऊ लागतो, आणि नायलॉन ६ चा वितळणबिंदूच सुमारे २२० अंश आहे. म्हणून एक्स्ट्रूडरमधील (प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातील) तापमान आणि तिथे माल राहण्याचा वेळ यांवर कडक लक्ष ठेवावे लागते.

नॅनो कॅल्शियम कार्बोनेटचे कण साधारण घनाकार असल्याने ताठरपणात तेवढी झेप मिळत नाही आणि उष्णतेतही मोठा लाभ होत नाही. आघात बसताच हे कण पॉलिमरपासून सुटतात, भोवती सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात आणि त्यांच्या सभोवतालचा पॉलिमर ताणला जाताना बरीच ऊर्जा शोषली जाते. कणांवर स्टिअरिक आम्लाचा लेप नसेल किंवा मिसळणी अपुरी असेल, तर गुठळ्या राहतात, आणि प्रत्येक गुठळी तडा सुरू होण्याची जागा ठरते.

आघातशक्ती (आघात सोसण्याची क्षमता) आणि ताठरपणा दोन्ही हवे असतील, तर मी क्लेच घेईन. पण मॅलेइक अॅनहायड्राइड (नायलॉनशी बंध जुळवणारे रसायन) जोडलेले रबर सोबत देऊन आणि क्ले आधी नायलॉनमध्येच मिसळून. क्ले रबराच्या थेंबांत शिरली, तर रबर कडक होते आणि त्याचा मूळ उपयोगच जातो. चाचणीचे तुकडे एकतर सगळेच कोरडे असावेत किंवा सगळेच सारख्या आर्द्रतेत ठेवलेले असावेत, कारण नायलॉन पाणी शोषते आणि त्याने ताठरपणा घटून आघातशक्ती वाढते.