सायकल रॅकसाठी हिच: ‘दो टन खींचेगा’ ऐकून पैसे देऊ नका

इंदूरचे सायकलवाले मांडू, चोरलकडे जाताना गाडीमागे रॅक लावू लागले, तशी हिचच्या, म्हणजे रॅक अडकवायला गाडीच्या मागे खाली बसवतात त्या लोखंडी जोडाच्या, नावाखाली फसवणूकही सुरू झाली. सुदामानगरातल्या एका कुटुंबाला ती 22,000 रुपयांना पडली. त्यांची गाडी मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही. दुकानदाराने ‘रेडिमेड है, आरटीओ अप्रूव्ड, दो टन खींचेगा’ म्हणत दोन इंची रिसीव्हर, म्हणजे रॅकचा दांडा आत सरकतो ती चौकोनी नळी, बसवला आणि वर 2000 किलोचं स्टिकर चिकटवलं. पैसे रोख, बिल कच्चं. मानपूरच्या घाटात रॅक खालीवर डोलायला लागला, तेव्हा कुठे गाडी लिफ्टवर चढली.

खरी मेख त्या स्टिकरमध्ये आहे. 2000 किलो हा आकडा ट्रेलर ओढण्याचा. रॅक काही ओढला जात नाही, तो लटकतो. आपल्याला हवा तो आकडा हिचवर उभा येणाऱ्या भाराचा, आणि तो ओढण्याच्या क्षमतेच्या साधारण दहावा हिस्सा असतो. रॅक 20 किलो आणि 15 किलोच्या दोन एमटीबी (डोंगरी सायकली) धरल्या तर झाले 50 किलो. हे वजन हिचच्या जवळपास अर्धा मीटर मागे असतं, त्यामुळे ते नुसतं खाली दाबत नाही, जोड पिळतं. खड्ड्यात हा झटका दुप्पट-तिप्पट होतो. दोन ई-बाइक लावल्या तर मूळ वजनच 70 किलोच्या घरात जातं.

लिफ्टवर काय दिसलं? रिसीव्हर बॉडीच्या तळातल्या मजबूत रेल्सना नव्हे, बंपरमागच्या पातळ बीमला चार एम8 (8 मिमी) बोल्टांनी धरलेला. तो बीम मागून बसणारी धडक सोसण्यासाठी असतो, पीळ सोसण्यासाठी नाही. बोल्टांच्या डोक्यावर 8.8 हा मजबुतीच्या ग्रेडचा शिक्का नाही, म्हणजे साधे बाजारी बोल्ट. वेल्डिंग सलग नाही, नुसते टाके, आणि ते झाकायला वर काळ्या रंगाचा जाड थर.

नळीचं गणितही चुकलेलं. लोहा मंडीत सहज मिळणारा 63.5 मिमीचा चौकोनी पाइप 4.5 मिमी जाडीचा घेतला, तर आतलं माप 54.5 मिमी येतं. दोन इंची शँक (रॅकचा आत जाणारा दांडा) 50.8 मिमीची, म्हणजे जवळपास पावणेचार मिमी ढिलाई. शँक 20 सेंमी आत असेल तर 90 सेंमीवरच्या टोकाला रॅक दीडेक सेंमी हलणारच. ‘रबर भर देंगे’ हा यावर उपाय नाही, रबर काही दिवसांत चेपतं. आतलं माप 52 मिमीच्या आसपास हवं, शँक अडकवणारी पिन 16 मिमीची हवी आणि शँकला भिंतीशी घट्ट ओढणारा अँटी-वॉबल बोल्ट हवा. पिनचं भोक गॅस कटरने पाडलेलं दिसलं, तर माल तिथेच ठेवून निघा.

‘आरटीओ अप्रूव्ड’वाल्याकडे कागद मागा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला आडवं येतं, आणि दुकानदाराच्या तोंडी मंजुरीला काही किंमत नाही. सायकलींमागे नंबरप्लेट किंवा टेललाइट झाकली जात असेल, तर तोही जाब गाडीमालकालाच द्यावा लागतो. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येत नाही ना, हेही गाडी चालू ठेवून पाहा. गरम धुराने रबर खराब होतं. बाकी रिव्हर्स सेन्सर बोंबलत राहतो, त्याला इलाज नाही.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच सायकल न्यायची असेल, तर मोनोकॉक गाडीला छतावरचा रॅक बरा. कॅरिअरची आणि छताची वजनमर्यादा मात्र गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.

हिचच हवी असेल तर गाडीचं मॉडेल, किलोमध्ये उभा भार आणि बोल्टचा ग्रेड लिहिलेलं जीएसटी बिल आधी मागा. ‘उभा भार’ म्हटल्यावर समोरचा गोंधळला, तर त्याला हिचमधलं काही कळत नाही असं समजा.

पैसे देऊन बसला असाल, तर हिच लगेच उतरवू नका. आधी लिफ्टवर बोल्टांची डोकी, वेल्डिंग, स्टिकर आणि पाइपच्या मापाचे फोटो घ्या. मग दुकानदाराला लेखी तक्रार द्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, दुकानाची चिठ्ठी, जे असेल ते जोडा.