मॅक्रोमधील लेबले : अंकी लिहावीत की अनन्य नावांची?

असेंब्ली भाषेत मॅक्रो म्हणजे नाव दिलेला सूचनांचा संच; तो उलगडतो म्हणजे जेथे त्याचे नाव लिहिले तेथे त्याचा मजकूर जशाचा तसा उतरवला जातो. त्यामुळे विलंबाची फेरी घडवणाऱ्या मॅक्रोत ‘पुन्हा’ असे साधे लेबल (उडीचे ठिकाण दाखवणारे नाव) ठेवले, तर पहिल्या वापरापर्यंत सारे सुरळीत चालते आणि दुसऱ्या वापराला, हे नाव आधीच ठरलेले आहे, अशी तक्रार करून असेंब्लर (असेंब्ली मजकुराच्या यंत्रसूचना बनवणारा प्रोग्रॅम) थांबतो. यावरचा मार्ग निवडताना किती अक्षरे कमी लिहावी लागतील, यापेक्षा चूक झाल्यास ती उघडकीस येईल का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

ग्नू असेंब्लरमध्ये अंकी लेबले आहेत. ‘१:’ कितीही वेळा लिहिता येते. ‘१बी’ म्हणजे मागचे आणि ‘१एफ’ म्हणजे पुढचे सर्वांत जवळचे. सोय खरी आहे, पण एकदा मी त्रुटी आल्यास कोठे उडी घ्यायची ते बाहेरून स्वीकारणारा मॅक्रो लिहिला, त्यात त्याचे स्वतःचे ‘१:’ होते, आणि त्याला बाहेरून ‘१एफ’ दिले. उलगडल्यावर ती उडी बाहेर न पडता मॅक्रोच्याच पोटातल्या ‘१:’वर उतरली. असेंब्लरने चकार शब्द काढला नाही, कारण त्याच्या नियमाने ते बरोबरच होते. उलगडलेल्या यंत्रसूचना एकेक करून वाचल्या तेव्हा दोष सापडला. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या, विभागात काही मॅक्रोंमध्ये तीन आकडी मोठे अंक दिसतात. त्यांनी गफलतीची शक्यता घटते, संपत नाही.

त्याच असेंब्लरमधील \@ हे चिन्ह आतापर्यंत किती मॅक्रो उलगडले त्याची संख्या देते. ती नावाला जोडली की प्रत्येक वापरात लेबल वेगळे होते आणि नाव चुकले तर निदान लिंकर (तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारा) तरी अडवतो. इएलएफ प्रकारच्या (लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या) फाइलींसाठी नावाआधी ‘.एल’ लावावे, म्हणजे चिन्हसूचीत, म्हणजे फाइलीतील नावांच्या यादीत, गर्दी होत नाही. उडीचे ठिकाण बाहेरून घेणाऱ्या किंवा दुसऱ्या मॅक्रोला बोलावणाऱ्या मॅक्रोसाठी मी हाच मार्ग सुचवेन; अंकी लेबल चार-सहा ओळींच्या, स्वयंपूर्ण मॅक्रोपुरते ठेवावे.

नॅझम या दुसऱ्या असेंब्लरमध्ये हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. नावाआधी %% लावले की असेंब्लर स्वतःच अनन्य नाव घडवतो, मूळ नावही त्यात टिकते, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या, आधीच्या साध्या लेबलाला जोडलेल्या बाहेरच्या स्थानिक लेबलांची साखळी तुटत नाही. मॅझम या मायक्रोसॉफ्टच्या असेंब्लरमध्ये मॅक्रोच्या पहिल्या ओळीलगतच ‘लोकल’ म्हणून नावे जाहीर करावी लागतात. काम चोख होते, मात्र असेंब्लरने काढलेल्या सूचीत ??०००१ अशी नावे उमटतात आणि लेबलाचा हेतू कळत नाही.

$ या, चालू सूचनेचा पत्ता दाखवणाऱ्या, चिन्हापासून बाइट मोजून उडी घेणे मात्र टाळावे. ६४-बिट एक्स८६वर आखूड उडी २ बाइटांची, लांब उडी ५ बाइटांची आणि लांब सशर्त उडी ६ बाइटांची असते. मधली एक सूचना बदलली की मोजणी चुकते, आणि प्रोसेसर एखाद्या सूचनेच्या मध्यापासून वाचू लागतो.