नागपूरच्या परमिट रूमसाठी कोणती क्राफ्ट बिअर: दोन पर्यायांची तुलना

नागपुरात परमिट रूम चालवणाऱ्या आणि मेनूवर पहिल्यांदाच क्राफ्ट बिअर ठेवू पाहणाऱ्या व्यावसायिकापुढे सध्या साधारण दोन प्रकारचे पर्याय येतात. एक म्हणजे पुण्याजवळ लहान प्रमाणावर तयार होणारी, न गाळलेली गव्हाची बिअर, जी केगमध्ये, म्हणजे नळ जोडून ग्लास भरण्याच्या पिंपात, आणि 330 मिलिलिटरच्या बाटलीत मिळते. दुसरी देशभर जाळे असलेल्या कंपनीची, तीही गव्हाचीच, पण पिंट म्हणजे लहान बाटली, कॅन आणि मोठी बाटली अशा सगळ्या रूपांत शहरातल्या बहुतेक बिअर शॉप्यांच्या फ्रीजमध्ये दिसणारी. धरमपेठेतील माझ्या परमिट रूममध्ये मी दोन्ही विकल्या आहेत आणि आज त्यांपैकी एकच वर्षभर मेनूवर असते. नावे मुद्दाम देत नाही, कारण हाच पेच दुसऱ्या कोणत्याही दोन ब्रँडच्या बाबतीत आपल्यापुढे येऊ शकतो. सोयीसाठी एकीला पुण्याची आणि दुसरीला मोठ्या कंपनीची म्हणतो.

चवीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पुण्याची बिअर सरस आहे. ताजी असेल तेव्हा तिचा केळी आणि लवंगेकडे झुकणारा वास ग्लास तोंडाजवळ नेण्याआधीच येतो, आणि सावजी मटणाच्या तिखटानंतर ती जिभेला जसा आराम देते तसा मोठ्या कंपनीची देत नाही. मोठ्या कंपनीची बिअर स्वच्छ, हलकी आणि प्रत्येक वेळी सारखीच लागते. ज्याला केवळ चवीवर निर्णय घ्यायचा आहे, त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल.

किमतीचे गणित मात्र वाटते तितके सरळ नाही. पुण्याच्या बिअरची खरेदीच महाग पडते. लहान बॅच, बाहेरून येणारे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले), बाटल्यांची कमी संख्या ही कारणे आहेतच, शिवाय आपल्याकडे बिअरवरील उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाशी जोडलेले असल्याने कच्चा माल महाग झाला की त्यावरचे शुल्कही त्याच्या मागोमाग वर जाते. त्यात 1 नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला, आणि तो महाग बिअरवर रुपयांत अधिक बसतो. माझ्या मेनूवर पुण्याची पिंट 390 रुपयांना होती, मोठ्या कंपनीची 280 रुपयांना आहे. एवढा फरक असूनही पुण्याच्या बिअरच्या किमतीबद्दल ग्राहकांनी क्वचितच कुरकुर केली, आणि मोठ्या कंपनीच्या बिअरच्या किमतीबद्दल मात्र आजही करतात.

याचे कारण वितरणातच आहे. मोठ्या कंपनीची बिअर कोपऱ्यावरच्या शॉपीत मिळते, त्यामुळे ग्राहक तिची एमआरपी पाठ करूनच टेबलावर बसतो. आपण आकारलेली किंमत त्याला थेट त्या आकड्याशेजारी दिसते आणि वरचा प्रत्येक रुपया आपण त्याच्या खिशातून काढला असे त्याला वाटते. पुण्याची बिअर त्याने इतरत्र फारशी पाहिलेली नसते. तिची किंमत काय असावी याचा त्याच्याकडे मापदंड नसतो आणि म्हणून आपण सांगितलेली किंमत तो मान्य करतो. ज्या ब्रँडचा प्रसार सर्वदूर आहे, त्यावर परमिट रूमला मार्जिन कमी मिळते, आणि जो ब्रँड दुर्मीळ आहे त्यावर अधिक मिळते. कंपनीचे सेल्समन हे सांगत नाहीत, पण दर महिन्याच्या हिशेबात ते स्वच्छ दिसते. एका पेटीमागे सुटणारा पैसा पाहिला तर पुण्याच्या बिअरचे पारडे जड आहे, हे मी निःसंकोचपणे मान्य करतो.

जून 2025 मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील, म्हणजे इथेच बनणाऱ्या व्हिस्की-रमसारख्या मद्यावरील, उत्पादन शुल्क वाढवले, त्यातून बिअर आणि वाइन वगळली. त्यानंतर माझ्याकडे व्हिस्कीचा तिसरा पेग टाळून बिअरकडे वळणारी काही टेबले दिसू लागली. हा निष्कर्ष माझ्या एका जागेपुरता आहे आणि तो ताणण्यात अर्थ नाही. पण या नव्या ग्राहकाला 280 रुपये परवडतात आणि 390 रुपये परवडत नाहीत, एवढे निश्चित जाणवले.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, तिच्याबद्दल. पुण्याची बिअर येत होती, मग येत नव्हती. इतकेच. पण हे ‘इतकेच’ परमिट रूमच्या काउंटरवर काय करते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. केगसाठी काउंटरवर टॅप बसवलेला असतो, त्यावर कंपनीने दिलेले सुंदर लाकडी हँडल असते. केग संपला आणि पुढचा आला नाही की त्या हँडलला रबर बँडने एक चिठ्ठी अडकवावी लागते: ‘आज उपलब्ध नाही’. नळीत उरलेली बिअर आंबून वास धरू नये म्हणून ती काढून नळी धुवावी लागते, आणि नवा केग येईपर्यंत तो टॅप प्रत्येक येणाऱ्याला आपल्याकडे काय नाही ते दाखवत उभा राहतो. वेटर टेबलावर जाऊन ‘वो आज नहीं है, साहब’ असे सांगतो तेव्हा पहिल्यांदा ग्राहक हसून दुसरे काही मागवतो. दुसऱ्या वेळी तो विचारतो की मग मेनूवर का ठेवली आहे. त्यानंतर तो विचारतच नाही, आणि बिअर परत आली तरी मागत नाही. महाग का, हे मी कोणालाही दोन वाक्यांत पटवू शकतो. का नाही, हे मला एकदाही पटवता आले नाही.

हा खंड नेमका एप्रिल-मे महिन्यांत पडतो, जेव्हा नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि बिअरचा वर्षातला सर्वांत मोठा खप असतो. याचे कारण निष्काळजीपणा आहे असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात पुणे आणि मुंबईतच सगळा माल उचलला जातो. लहान कंपनीला जिथे रोकड लवकर हाती येते तिथे आधी माल द्यावा लागतो, आणि नागपूर त्या रांगेत शेवटी येते.

त्याहून मोठे कारण भूगोलात आहे. आपण झिरो माइलचे शहर म्हणून मिरवतो, आणि जीएसटीनंतर देशभरच्या गोदामांसाठी नागपूर सोयीचे ठरले हेही खरे, परंतु मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. प्रत्येक राज्याचे लेबल, शुल्क आणि वाहतूक परवाना वेगळा असल्यामुळे देशाच्या मध्यभागी असण्याचा बिअरला उपयोग नाही. इथल्या घाऊक विक्रेत्याला पलीकडे छिंदवाड्याला किंवा रायपूरला तीच पेटी पाठवता येत नाही. महाराष्ट्रातच पाहिले तर शेजारचा वर्धा जिल्हा कित्येक दशके दारूबंदीखाली आहे, गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे आणि चंद्रपुरात 2015 ते 2021 या काळात होती. म्हणजे नागपूरच्या घाऊक विक्रेत्याच्या हाती दक्षिणेकडची बाजारपेठ मर्यादितच आहे. गाडी भरण्याइतकी मागणी एकट्या शहराने निर्माण करायची, आणि शहरात 390 रुपयांची पिंट घेणारे टेबल मोजकेच.

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्ग पूर्ण लांबीचा खुला झाला तेव्हा मला आशा होती की हा प्रश्न सुटेल. प्रवासाचे तास निश्चित कमी झाले. परंतु गाडी तेवढी मागणी जमल्यावरच निघते, आणि मागणी जमण्याचे दिवस रस्त्याने कमी होत नाहीत.

मोठ्या कंपनीचा माल याउलट ठरलेल्या वारी येतो. तिच्या बिअरसोबत इतर दहा प्रकारचा माल त्याच गाडीत असतो, त्यामुळे गाडी कशीही भरते. माझ्या वेटरला ‘नाही’ म्हणण्याची वेळ क्वचित आली. ग्राहकांपैकी जे सुरुवातीला तिला साधी म्हणून नाक मुरडत होते, तेच आता न विचारता तिची ऑर्डर देतात, कारण ती सापडते. एखाद्या ब्रँडची सवय लागण्यासाठी तो आधी हजर असावा लागतो, आणि माझ्या अनुभवात किमतीपेक्षा या हजेरीचे वजन अधिक आहे.

मोठे जाळे म्हणजे कायमची खात्री, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. या दोन्हींपैकी नसलेल्या बिरा 91 चे उदाहरण सर्वांपुढे आहे. 2015 मध्ये बेल्जियममध्ये तयार होऊन आलेली ही बिअर पुढे भारतातच तयार होऊ लागली आणि शहरी तरुणांमध्ये तिचे नाव झाले. मग कंपनीने आपल्या नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला, आणि तेवढ्यामुळे राज्याराज्यांत लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली. काही महिने विक्री ठप्प झाली, जुन्या लेबलचा सुमारे 80 कोटी रुपयांचा माल वाया गेला आणि 2023-24 या आर्थिक वर्षात कंपनीला 748 कोटी रुपयांचा तोटा झाला. त्या काळात बाटलीतली बिअर बिघडलेली नव्हती आणि तिची किंमतही कोणाच्या डोळ्यांवर आलेली नव्हती. ती फक्त फ्रीजमध्ये नव्हती, आणि तिची जागा दुसऱ्यांनी घेतली.

मोठ्या कंपनीचा मला होणारा त्रासही सांगायला हवा. चांगल्या खपाच्या बिअरवर स्कीम देताना तिचा प्रतिनिधी न खपणाऱ्या फळांच्या चवीची एखादी पेटी गळ्यात मारू पाहतो, आणि त्या पेट्या गोदामात पडून राहतात. कंपनीने दिलेल्या फ्रीजमध्ये दुसऱ्या ब्रँडची बाटली दिसली तर नाराजी व्यक्त होते. शिवाय माल दीर्घकाळ टिकणारा असला तरी नागपूरच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात राहिलेली पेटी चवीला पुठ्ठ्यासारखी लागते, म्हणून पेटी उतरवताना कॅनच्या तळाशी छापलेली भरल्याची तारीख मी स्वतः पाहतो. पुण्याच्या न गाळलेल्या बिअरच्या बाबतीत ही काळजी कितीतरी अधिक घ्यावी लागते. ती थंड गाडीतून आली नाही तर लवंगेचा तो वास वाटेतच निघून जातो.

पुण्याची बिअर कोणासाठी योग्य आहे, तर ज्याच्याकडे स्वतःची शीतखोली आहे, ज्याचे ग्राहक पुण्याहून मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या) कंपन्यांत बदली होऊन आलेले किंवा वर्धा रोडवरच्या हॉटेलांत उतरणारे आहेत, आणि ज्याला एखादा ब्रँड संपला तर दुसरा पुढे करण्याची सोय आहे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा मुंबई-पुण्याकडची मंडळी हीच बिअर नाव घेऊन मागतात, आणि थंडीमुळे वाहतुकीत ती खराबही होत नाही. मीही त्या दिवसांत बाटल्या मागवतो, टॅपसाठी केग मात्र घेत नाही. उरलेले वर्ष माझ्या मेनूवर मोठ्या कंपनीची बिअर असते. माझा ग्राहक बहुतांश शहरातलाच आणि दर आठवड्याला येणारा आहे. आपला तसा नसेल तर हिशेब वेगळा होऊ शकेल.

निर्णय घेण्यापूर्वी आपल्या घाऊक विक्रेत्याकडून किमतीच्या तक्त्यासोबत आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: गेल्या उन्हाळ्यात तो ब्रँड त्याच्या गोदामात कोणकोणत्या तारखांना उतरला, त्याची बिले. मार्च ते जून या काळातील तारखांमध्ये मोठे अंतर दिसले, तर काउंटरला भोक पाडून टॅप बसवण्याची घाई करू नये आणि पहिला हंगाम बाटल्यांवरच काढावा.