तेरा आठवड्यांची वही आणि त्यातले माझे चार दिवस

वहीचं नाव लिहीत नाही. छापणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि माझ्या काही तक्रारी झोंबणाऱ्या आहेत. शिवाय अशा वह्या आता बऱ्याच निघाल्यात, तेव्हा जे लिहितेय ते या जातीच्या कुठल्याही वहीला थोडंफार लागू पडेल. तेरा आठवडे, म्हणजे ९१ दिवस, रोज रात्री झोपण्याआधी भरायची. विषय एकच, ख्रिस्ती माणसाची सचोटी. मी ती पूर्ण भरली. ‘पूर्ण’ या शब्दाबद्दल पुढे बोलूच.

माझी ओळख थोडक्यात देते, कारण तिचा इथे संबंध आहे. नोकरी सगळी लेखापरीक्षणात गेली. निवृत्त झाल्यावर मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, दानार्पणाचा हिशेब माझ्याकडे सोपवला. लोकांचे कागद बघून ‘हे खरं नाही’ म्हणण्याचा मी पगार घेत होते, आता तेच काम फुकट करते.

आधी वस्तूबद्दल. आकार हातात बसेल असा, शिलाई दोऱ्याची, त्यामुळे वही सपाट उघडते आणि लिहिताना दाबून धरावी लागत नाही. खुणेची फीत आठव्या आठवड्यात निघून हातात आली. कागद पातळ आहे. शाईचं पेन मागच्या पानावर उमटतं, बॉलपेन चालतं. डाव्या पानावर सात दिवसांच्या ओळी, उजवीकडे शास्त्रवचन (बायबलमधलं वचन) आणि त्यावर चिंतन. तळाशी छिद्रांची रेघ मारलेली एक चिठ्ठी असते. आठवडा संपला की ती फाडून आपल्या सोबत्याला द्यायची. चिठ्ठीत सात चौकोन, रोजचं एक वाक्य.

रोजचे प्रश्न चार. दिलेला शब्द पाळला का? खरं होतं त्याहून कमी-जास्त कुठे सांगितलं? मी आहे त्याहून बरा कुठे दिसलो? कुणाची क्षमा मागायची राहिली? (छापील प्रश्न पुल्लिंगी आहे. मी माझ्यापुरता ‘बरी दिसले’ करून घेतला.) पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला चार दिवसांत हात बसतो, उत्तरं आपोआप येतात. तिसरा मात्र तेराव्या आठवड्यातही अंगावर येत होता. वही घ्यायची असेल तर त्या एका प्रश्नासाठी घ्यावी.

प्रश्नांशेजारी एक रकाना आहे: आजचे गुण, दहापैकी. हा कुणी सुचवला कोण जाणे. तिसऱ्या आठवड्यात पानं चाळली तर मी जवळजवळ रोज सात दिलेले. नऊ दिले तर गर्व दिसतो, पाच दिले तर माझ्या सोबती, मावशी, विचारतील. सात हा आकडा नम्र दिसतो. म्हणजे ज्या पानावर ‘बरी कुठे दिसले’ असं विचारलंय, त्याच पानावर मी बरी दिसत होते. आणि मुळात सचोटीला गुण द्यायचे कसे? शाळेत आपण ज्याला पूर्णांक म्हणतो तो इंग्रजीतला इंटिजर, आणि इंटेग्रिटी त्याच घरातली. लॅटिन मूळ एकच, अर्थ अखंड, न फुटलेला. हिब्रू शास्त्रातला ‘तोम’ हा शब्दही पूर्णपणाच सांगतो. आपल्या मराठी शास्त्रात ईयोब या नीतिमान माणसाला ‘सात्त्विक’ म्हटलंय, त्यामागे हेच कूळ आहे. तेव्हा साडेसात गुणांचा पूर्णांक कसा असतो, हे वही काढणाऱ्यांनी एकदा सांगावं.

सहाव्या आठवड्याच्या वचनाखाली नीतिसूत्रे ९:१० असं छापलंय. शास्त्र उघडलं तर तिथे परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा प्रारंभ. वचन उत्तम आहे, पण हे नव्हे. हवं होतं ते १०:९, सरळ चालणारा निर्धास्त चालतो ते. अंक उलटे झाले. सचोटीच्या वहीत मुद्रितशोधन एकदा जास्त करायला काय हरकत होती?

प्रस्तावनेत दोन पानं इतिहासाची आहेत, ती बरी जमलीत. जेसुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची १५४८ साली छापली गेलेली पद्धत त्यात आहे: एक दोष निवडायचा, दिवसाला दोन रेघा, एक दुपारच्या जेवणापर्यंतची आणि एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके. शब्द नाहीत, नुसते ठिपके. मला ही पद्धत वहीतल्या चार प्रश्नांपेक्षा जास्त आवडली. ठिपक्यात भाषेचा डौल आणता येत नाही. मग मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली येतात. डिसेंबर १७३८ मध्ये त्यांनी लहान गटांसाठी नियम केले. दर आठवड्याला जमायचं आणि गेल्या भेटीनंतर कळून-सवरून कोणती पापं केली, हे एकमेकांना विचारायचं. वहीतली चिठ्ठी त्याचंच सौम्य रूप आहे.

माझ्या सोबती म्हणजे आमच्या मंडळीतल्या एक बाई, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना मावशी म्हणते.

चौथ्या आठवड्यात बुधवारपासून वही उघडलीच नाही. कारण काही मोठं नव्हतं, रात्री डोळे मिटत होते इतकंच. शनिवारी लक्षात आलं की उद्या उपासनेनंतर चिठ्ठी द्यायची आहे. बसले आणि दहा मिनिटांत चार दिवस भरले. त्यात मी खोटं लिहीत नव्हते, असं मला तेव्हा वाटत होतं. बुधवारी मी खरंच चिडले होते. गुरुवारी एका बाईंना फोन करते म्हणून खरंच केला नव्हता. शनिवार तर ताजाच होता. शुक्रवार आठवेना, म्हणून तिथे ‘प्रार्थनेत मन लागलं नाही’ असं लिहिलं. ते कुठल्याही दिवशी खपतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

“मंगळवारपर्यंत निळं, मग चारही काळं,” त्या म्हणाल्या. “एका बैठकीत भरलंस होय गं?”

मी नोकरीत लोकांना पकडत आले ते असंच. किरकोळ खर्चाची व्हाउचरं घ्या. तारखा महिनाभराच्या, पण पेन एकच, अक्षराचा कल एकच, दाबही तोच. हाताखालून कागद सरकला की कळतं, महिनाअखेरीला एका दमात लिहिलेली आहेत. किती जणांना मी टेबलापलीकडे बसवून हाच प्रश्न विचारलाय. आणि मी मावशींना काय उत्तर दिलं?

“नाही हो मावशी, सुट्या कागदावर टिपून ठेवलं होतं, मग उतरवून काढलं.”

ते लोक मला हेच सांगायचे. शब्द न् शब्द हेच.

“बरं,” म्हणून मावशींनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. मी घरी आले. जेवण झालं, भांडी झाली. चार वाजता फोन केला.

“मावशी, तो सुटा कागद नव्हता.”

“ठाऊक होतं मला. फाडून टाकू का चिठ्ठी?”

“नको. राहू दे तुमच्याकडे.”

“अगं, रिकामी दिली असतीस तर मी काय खाणार होते तुला?”

हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५) मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि दर वेळी ती पैसे मागे ठेवल्याची गोष्ट म्हणून ऐकली. पण प्रेषित पेत्र हनन्याला सरळ सांगतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. थोडे ठेवून घेतले असते आणि तसं सांगितलं असतं, तर कुणी बोट उचललं नसतं. त्यांनी काही भाग आणून सगळा म्हणून पायाशी ठेवला, तिथे ते बुडाले. माझे चार रिकामे चौकोन माझेच होते, रिकामे देता आले असते.

आता वहीनं केलेलं मोठं काम सांगते. ते चिठ्ठीतलं नाही.

सातव्या आठवड्यात एका रात्री तिसऱ्या प्रश्नाशी अडले आणि जुनी एक गोष्ट वर आली. उपासनेनंतर मंडळीचे एक वडील (पुढारी) दानार्पण मोजून आकडा कागदावर लिहून देत, मग मी घरी नेऊन पुन्हा मोजून हिशेबाच्या वहीत घेत असे. एकदा दोन नोटा कमी भरल्या. मी माझ्या पाकिटातल्या दोन घातल्या आणि आकडा जुळवला. नंतरही असं दोनदा झालं. कुणाला सांगितलं नाही. उलट मनात जरा गारवाच वाटला, डाव्या हाताला कळू न देता उजव्यानं दिलं म्हणून.

पण त्या रात्री मी ते पान लेखापरीक्षकाच्या नजरेनं वाचलं. हिशेबाच्या वहीत लिहिलंय: मोजणी बरोबर. ती बरोबर नव्हती. तूट ही बातमी असते. मोजणारा चुकला, कागद चुकला किंवा पिशवीत कुणाचा हात गेला, यातलं काहीतरी ती सांगत असते. मी स्वतःच्या पैशानं ती बातमी बुजवली, तीनदा. दुसऱ्या कुणाच्या हिशेबात हे सापडलं असतं तर मी लाल पेनानं शेरा मारला असता आणि ‘चांगला हेतू’ हे उत्तर मान्य केलं नसतं. मी मंडळीला पैसे दिले हे खरं, पण त्याबरोबर एक खोटी नोंदही दिली. आणि आमच्याकडे एकही मोजणी दोघांनी मिळून होत नव्हती, हे सगळ्यांना कळण्याची वेळ माझ्यामुळे पुढे ढकलली गेली.

२ राजे, अध्याय १२ मी त्या आठवड्यात तीनदा वाचला. योआश राजाचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी मंदिराची डागडुजी झालेली नव्हती. मग यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा पुष्कळ साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं यायचे, मोजायचे, थैल्यांत बांधायचे. दोघं! प्रेषित पौलाचंही तेच. यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत न्यायला त्यानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ (विश्वासातले बंधू) पाठवले, आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून. प्रभूसमोर योग्य तेवढंच पुरेसं नाही, माणसांसमोरही योग्य हवं, असं तो करिंथकरांना लिहितो (२ करिंथ ८). ज्याची नीयत साफ आहे त्यालाच साक्षीदार चालतो.

मी समितीत सांगितलं, तिन्ही वेळा काय केलं ते. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक गृहस्थ म्हणाले, “ताई, आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवायचा का? कारागिरांकडून हिशेब घेत नसत, ते सचोटीनं वागत, असं शास्त्रातच आहे की.” आहे खरं, पण त्याच अध्यायात, पेटी आणि दोन मोजणारे येऊन गेल्यावर पाच वचनांनी. आता आमच्याकडे दोघं मोजतात, तिथेच, आणि दोन सह्या होतात. तूट आली तर ‘तूट’ म्हणून लिहितो. पहिल्याच महिन्यात एकदा आली आणि आभाळ कोसळलं नाही.

जाता जाता आणखी एक. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिकन सुवार्तिक (धर्मप्रचारक) बिली ग्रॅहम आणि त्यांचे तीन सहकारी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे बसले आणि सुवार्तिक कशानं बदनाम होतात याची यादी केली. पैसा आणि स्त्री-पुरुष संबंध हे त्यात असणारच, पण एक मुद्दा उपस्थितीचे आकडे फुगवण्याचाही होता. आमच्या वार्षिक अहवालात ‘सुमारे दोनशे’ असं असतं. खुर्च्या १४० आहेत.

सगळ्यात मोठी उणीव अशी की वही ‘क्षमा मागितली का?’ असं विचारते, ‘परत केलं का?’ असं विचारत नाही. शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकातला नियम घ्या. लुबाडलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि हे दोषार्पण (दोषासाठीचं बलिदान) आणण्याच्याच दिवशी. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानं तर चौपट देऊ केलं. वेदीजवळ आठवण झाली तर दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, हे खुद्द येशूनं सांगितलं. नुसत्या ‘सॉरी’वर भागवण्याची सवय मंडळ्यांमध्ये आधीच बरीच आहे, वहीनं तिला आणखी एक रकाना दिला.

दुसरी उणीव क्रमाची. कृपेबद्दल वही तेराव्या आठवड्यात बोलते. ते पान पहिलं हवं. ज्यांना आधीच रात्री स्वतःच्या चुका मोजत झोप लागत नाही, त्यांना बारा आठवडे ही वही छळेल. त्यांनी घेऊ नये, किंवा शेवटचं पान आधी वाचावं. चिंतनातली उदाहरणंही सगळी ठळक चोरीची आहेत, परीक्षेत नक्कल, कामाच्या वेळेत मोबाइल. दोन नोटा स्वतःच्या घालणाऱ्या बाईला तिथे स्वतःचा चेहरा दिसत नाही. तो तिसऱ्या प्रश्नात दिसतो, एवढंच.

दुसरी वही मागवली आहे. आली की गुणांच्या रकान्यावर पट्टी ठेवून काट मारणार आणि वर ‘परत केलं?’ असं लिहिणार. मावशींनाही एक हवी आहे, पण मोठ्या अक्षरातली. ती आवृत्ती अजून निघालेली नाही.