आधी खुर्ची की आधी मॉनिटर? मान दुखणाऱ्यांसाठी एक हिशोब

कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा गेल्या आठवड्यात फोन आला. "ताई, दहा-बारा हजार बाजूला काढलेत. खुर्ची घेऊ की मॉनिटर?" तिचं ऑफिस महापेला. आठवड्यातले तीन दिवस तिथे, दोन दिवस घरून. घरचे दोन दिवस संपले की मान धरते, उजवा खांदा दगड होतो. मी तिलाच विचारलं, "घरात मोजायची टेप आहे?"

मी ठाण्याला माझ्या घरी मोजून पाहिलं होतं. डायनिंग टेबल जमिनीपासून 75 सेंटीमीटर उंच. खुर्चीत नीट बसल्यावर माझे डोळे टेबलाच्या वर 42 सेंटीमीटरवर. आणि 14 इंची लॅपटॉप उघडला की पडद्याची वरची कड टेबलापासून जेमतेम 21. ही कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, असा साधा नियम. माझी कड चांगली वीतभर खाली होती. ती वीत दिवसभर मान भरून काढत होती.

लॅपटॉपची खरी गोम त्याच्या बिजागरीत आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना बांधलेले. पडदा डोळ्यांपर्यंत उचलला तर हात अधांतरी. हात सुखात ठेवले तर मान खाली. त्यामुळे काहीही विकत घ्यायचं झालं तरी आधी ही जोडी फोडायला हवी.

"मान 60 अंश वाकवली की 27 किलोचा भार" हा आकडा तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. तो न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांच्या 2014 मधल्या लेखातला आहे, आणि संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे. कुणाच्या मणक्यात वजनकाटा बसवून मोजलेला नाही. शिवाय 60 अंश म्हणजे ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मोबाइलवर रील बघणारी मान. लॅपटॉपसमोर ती इतकी वाकत नाही, पण तासतासभर तशीच राहते. डोकं साधारण 5 किलोचं. भाजीची पिशवी घरापर्यंत आणताना काही वाटत नाही. तीच हात लांब करून दहा मिनिटं धरून बघा. मानेच्या मागचे स्नायू तेच करत असतात, आणि आपल्याकडे मान खाली घालून काम करणं हे कौतुकाचं लक्षण!

आता पर्याय. सर्वात स्वस्त म्हणजे लॅपटॉपचा स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माऊस. सगळं मिळून साधारण दीड ते अडीच हजार. कोपरखैरण्याच्या सिडकोच्या घरात, जिथे कामाचं टेबल संध्याकाळी जेवणाचं होतं, तिथे हाच सोयीचा. घडी करून कपाटात जातो, बॅगेत घालून ऑफिसलाही नेता येतो. मीटिंगमध्ये कॅमेरा चेहऱ्यासमोर येतो हा वरचा फायदा. फक्त घेताना उंची विचारा. तिरके, छान दिसणारे बरेच स्टँड 12-15 सेंटीमीटरच उचलतात. माझी तूट 21 ची होती. उरलेली मी जुन्या दिवाळी अंकांनी भरली. (आईने त्याआधी पूजेचा चौरंग दिला होता, पण तो श्रावणात परत मागितला.) आणि स्टँडवर ठेवलेल्या लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टाइप करणार असाल तर घेऊच नका. मान सुटेल, खांदे अडकतील.

24 इंची मॉनिटर साधारण आठ ते अकरा हजारांना पडतो. त्याची वरची कड स्वतःच्या पायावरच टेबलापासून 40-45 सेंटीमीटरवर येते, म्हणजे माझ्यासारखीला काही न लावता बरोबर बसते. पण माझ्या मते मॉनिटरचा मोठा फायदा उंचीचा नाही, अक्षरांचा आहे. लहान अक्षरं वाचायला आपण नकळत हनुवटी पुढे काढतो, आणि डोकं धडाच्या पुढे गेलं की उंची कितीही अचूक असो, मान कामाला लागलीच. एक्सेलमध्ये दिवस काढणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. (आत्ता, या क्षणी, फुकट करण्यासारखं काही असेल तर अक्षरं 125 टक्के करा.) मॉनिटरचा तोटा जागा. आणि एक चूक सगळीकडे दिसते, ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसातही: मॉनिटर बाजूला आणि लॅपटॉप समोर ठेवायचा, मग काम मॉनिटरवर करायचं. दिवसभर मान एकीकडे वळलेली. ज्यावर जास्त काम, तो पडदा नाकासमोर, हाताच्या अंतरावर.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर मात्र वरचा हिशोब उलटा. जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या भागातून. पडदा उंच केला की हनुवटी वर करून बघावं लागतं, आणि मान मागून आखडते. तुम्हाला पडदा खालीच हवा, थोडा मागे कललेला. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे पाहून मगच पैसे खर्च करावेत.

खुर्चीला मी तिसरा नंबर देते, याचं अनेकांना नवल वाटतं. पंधरा हजारांची खुर्चीसुद्धा पडदा एक सेंटीमीटर वर नेत नाही. उलट खुर्ची उंच केली की डोळे आणखी वर जातात आणि तूट वाढते. तिचा मानेला होणारा उपयोग हातांमार्गे होतो: कोपरं टेकली की हातांचं ओझं खांद्यांवरून उतरतं. म्हणून मानेसाठी खुर्ची घेत असाल तर डोकं टेकायच्या उशीपेक्षा हातांचा आधार वर-खाली होतो का, ते बघा. खुर्चीचे हात टेबलाखाली अडकत नाहीत ना, हेही. उंची कमी असेल तर 75 सेंटीमीटरच्या टेबलाला खुर्ची वर घ्यावीच लागते, मग पाय लोंबकळतात; त्याला पायाखाली लाकडी पाट पुरतो. कंबरही दुखत असेल तर खुर्चीचा नंबर वर सरकेल, हे कबूल.

मानेचा पट्टा आणि पाठ सरळ ठेवणारे बेल्ट या तुलनेत मी धरतच नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टा लावून काम करू नये.

दोन-तीनशे रुपयांचा व्यायामाचा रबरी पट्टा मात्र धरायला हवा. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत (2011) वरचेवर मान-खांदे दुखणारे 198 जण होते. एक गट अशी रबरी नळी ओढत हात बाजूने वर उचलण्याचा व्यायाम रोज 2 मिनिटं करत होता, दुसरा 12 मिनिटं. आठवड्यातून 5 दिवस, 10 आठवडे. तिसऱ्या गटाला नुसती माहिती दिली होती. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं त्यांच्यापेक्षा कमी झालं. पडद्याची उंची सुधारून तीन तास न हलणाऱ्यापेक्षा दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठणारी मान बरी राहते, हा माझाही अनुभव.

हातात मुंग्या, दंडातून खाली उतरणारी कळ, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, यातलं काही असेल तर खरेदी बाजूला ठेवून ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा.

बहिणीने टेप लावून फोटो पाठवला. तिची तूट 19 सेंटीमीटर निघाली, आणि टेबल भिंतीला घडी होणारं. तिने स्टँड, कीबोर्ड, माऊस आणि रबरी पट्टा मागवला. उरलेल्या पैशांचं काय करणार विचारलं तर म्हणाली, "खुर्चीवर तुझ्याकडे येऊन बसून बघते, मग ठरवते."