रास्पबेरी पाय 5 रोजच्या कामाला: नुसत्या बोर्डावर भागत नाही

रास्पबेरी पाय 5, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर बसवलेला कॉम्प्युटर, टेबलावरचा रोजचा कॉम्प्युटर म्हणून चालतो का? चालतो, पण नुसता बोर्ड आणून नाही. चार्जर, पंखा आणि एसएसडी (माहिती साठवायची वेगवान डिस्क) धरूनच हिशेब करा. यातली एक जरी गोष्ट वाचवायला गेलात, तरी दोष येतो तो बिचाऱ्या बोर्डावर.

2023च्या ऑक्टोबरात आलेल्या या बोर्डात चार कोअरचा कॉर्टेक्स-ए76 प्रोसेसर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. आधीच्या पाय 4च्या तुलनेत वेग दुप्पट तरी आहेच, आणि ब्राउझर उघडताच तो कळतो. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असल्याने नंतर वाढवता येत नाही. दहा-बारा टॅब आणि लिबरऑफिस (फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर) एकदम वापरायचं तर 8 जीबी घ्या. 4 जीबीवर टॅब मोजून उघडावे लागतात. 16 जीबी बहुतेकांना लागतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ चार्जरचा. या बोर्डाला 5 व्होल्टवर 5 अँपिअर हवेत. 'माझा लॅपटॉपचा चार्जर 65 वॉटचा आहे, मग काय अडचण?' असं वाटतं, पण गोम इथेच आहे. तसले चार्जर जास्त वॉट देताना व्होल्टेज वाढवतात, 9, 15, 20 असं. 5 व्होल्टवर बहुतेक चार्जर 3 अँपिअरच देतात. पाय 5ला 9 व्होल्ट चालत नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याला 15 वॉटच येतात. 5 अँपिअर मिळत नाहीत असं दिसलं की बोर्ड चारही यूएसबी पोर्टांना मिळून 600 मिलिअँपिअरच देतो. योग्य चार्जरवर हाच आकडा 1.6 अँपिअर असतो. मग बाहेरची हार्डडिस्क फिरायला लागते आणि मध्येच गायब होते, आणि लोक डिस्क बदलत बसतात. पाय 5साठीचा 27 वॉटचा चार्जर घेतला की हे प्रकरण मिटतं.

गरम होण्याचंही तसंच. 80 अंशांना प्रोसेसर वेग कमी करायला लागतो, 85ला आणखी आवळतो. बंद डब्यात पंख्याशिवाय ठेवलात तर जड कामात तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. ॲक्टिव्ह कूलर नावाचा पंख्यासकटचा हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) मिळतो, तो घ्या. त्याला चिपची उष्णता ओढून घेणारे थर्मल पॅड आधीच चिकटवलेले असतात. स्प्रिंगच्या दोन पिना बोर्डाच्या भोकांत 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायच्या आणि वायर पंख्याच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये लावायची. पंखा 50 अंशांपर्यंत बंदच असतो, म्हणून साध्या टायपिंगला आवाज नाही. एकदा बसवलेला कूलर मात्र काढू नका. पिना आणि पॅड दोन्ही खराब होतात, बोर्डालाही इजा होऊ शकते.

मेमरी कार्डावर सिस्टीम चालते, पण अपडेट सुरू असताना माउससुद्धा अडखळतो. पाय 5वर पीसीआयईचा, म्हणजे वेगवान जोडणीचा, एक लेन बाहेर काढलेला आहे. त्यावर एम.2 हॅट प्लस नावाचा जोड-बोर्ड लावून एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे याच जोडणीवर चालणारी एसएसडी, जोडता येते. कूलर आधी, हॅट नंतर. या हॅटवर 2230 आणि 2242 मापाच्याच (22 मिमी रुंद, 30 किंवा 42 मिमी लांब) एसएसडी बसतात; सगळीकडे सहज मिळणारी लांब 2280 बसत नाही, हे ऑर्डर देण्याआधी पाहा. रिबन केबल लावताना सॉकेटची पट्टी वर उचला, तांब्याची बाजू यूएसबी पोर्टांकडे ठेवा, केबल सरळ तळापर्यंत घाला आणि मगच पट्टी दाबा. एसएसडी दिसतच नसेल तर सॉफ्टवेअर उचकण्याआधी ही रिबन तपासा. ती केसभर तिरकी बसली तरी एसएसडी दिसत नाही. त्यानंतर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन बूट ऑर्डर (सिस्टीम आधी कुठून सुरू करायची तो क्रम) एनव्हीएमईवर ठेवा. पीसीआयईचा वेग जेन 2वरून जेन 3 या वरच्या पायरीवर ढकलता येतो, पण त्याची अधिकृत हमी नाही. रोजच्या कामाला जेन 2 भरपूर झाला.

व्हिडिओत हात आखडता आहे. व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय (हार्डवेअर डीकोडिंग) फक्त एचईव्हीसी या प्रकारासाठी आहे; एच.264 आणि व्हीपी9 हे व्हिडिओचे प्रकार प्रोसेसरलाच ओढावे लागतात. 1080पी ठीक चालतं, यूट्यूबवर 4केचा हट्ट धरला की फ्रेम गळतात. स्क्रीनसाठी दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत, म्हणजे वेगळी केबल आली. हेडफोनचा जॅक तर काढूनच टाकलाय, हे खटकतं.

घड्याळाच्या बॅटरीसाठी छोटं सॉकेट आहे, तिथे रिचार्ज होणारा सेलच लावा आणि त्याचं चार्जिंग सेटिंगमधून सुरू करा. मुळात ते बंद असतं.

फक्त ब्राउझर आणि व्हिडिओच पाहायचे असतील तर इंटेल एन100चा मिनी पीसी जास्त सोयीचा. त्यावर विंडोजही चालतं. पाय घ्यायचा तो बोर्डावरच्या 40 पिनांसाठी, सेन्सर आणि मोटर जोडण्यासाठी. त्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, सिग्नलला थेट 5 व्होल्ट दिलेत तर चिप जाईल. पंखा आणि हॅटच्या भानगडीत पडायचंच नसेल तर कीबोर्डातच बसवलेला पाय 500 आहे. त्यात हीटसिंक आतच असतो, पंखा नाही. मात्र एनव्हीएमईचा स्लॉट त्यातही नाही. मेमरी कार्ड नाहीतर यूएसबीवरची एसएसडी, एवढाच पर्याय.