मरीन टँकचा पीएच: थेंबांचं किट, पेन की कायमचा मॉनिटर?

खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा, तीन प्रकारे मोजता येतो: पाण्यात थेंब टाकून रंग तक्त्याशी जुळवायचं किट, हातात धरून बुडवायचा पेन, नाहीतर टँकला कायम लावलेला मॉनिटर. टँकमध्ये नुसते क्लाऊनफिश, डॅम्सेल आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वस्तीला असलेले समुद्री खडक) असतील तर मॉनिटरवर पैसे घालू नका. थेंबांच्या किटवर भागतं. फक्त किट मरीनचं आहे ना, ते बघून घ्या. गोड्या पाण्याच्या बऱ्याच किटांचा तक्ता ७.६ ला संपतो आणि समुद्राचं पाणी असतं ८.१-८.२ च्या घरात. किटची खरी कटकट रंगाची. ८.० की ८.२ यावर घरातल्या दोघांचं एकमत होत नाही आणि निळ्या एलईडीखाली तर काहीच कळत नाही. नळी खिडकीशी नेऊनच बघा.

कोरल (प्रवाळ) असतील तर गोष्ट वेगळी. दिवे चालू असताना कोरलमधलं आणि टँकमधलं शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो. दिवे बंद झाले की उतरायला लागतो आणि सकाळी दिवे लागण्याआधी सगळ्यात खाली असतो. संध्याकाळी पेनवर ८.३ बघून तुम्ही निवांत, आणि पहाटे तोच टँक ७.९ वर. मॉनिटर हा चढउतार झोपेतही टिपतो. पेनलाही जमतं, पण पहाटे उठायचं तुम्ही.

कोल्हापुरात पावसाळ्यात हे जास्त जाणवतं. खिडक्या दिवसेंदिवस बंद, हॉलला लागूनच स्वयंपाकघर, गॅसवर रश्श्याचं पातेलं, घरात पाहुणे. खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. लगेच पीएच वाढवायचं औषध ओतू नका. टँकचं मगभर पाणी घेऊन पीएच मोजा, मग गॅलरीत तासभर त्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा आणि परत मोजा. आकडा चढला तर दोष घरातल्या हवेचा. खिडकी उघडा. केएच (पाण्याची पीएच सावरून धरायची ताकद) ७ ते ११ मध्ये असेल तर ७.९ ला घाबरायचं कारण नाही.

आता प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचं मोजणारं टोक. पेन असो वा मॉनिटर, काचेचा प्रोब तोच, नखरेही तेच. खाऱ्या पाण्यासाठी कॅलिब्रेशन (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात बुडवून आकडा जुळवून घेणं) ७ आणि १० च्या द्रावणांवर करायचं, ४ चं पाकीट बाजूला ठेवा. १० चं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बिघडतं, म्हणून ओतलेलं परत बाटलीत टाकायचं नाही. पेनचा प्रोब कोरडा पडू द्यायचा नाही आणि आरओच्या पाण्यात तर अजिबात बुडवून ठेवायचा नाही. पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण वापरा. मॉनिटरचा प्रोब कायम पाण्यात, त्यामुळे त्यावर शेवाळ धरतं, आकडा हळूहळू सरकतो आणि पडदा मात्र दोन दशांशापर्यंत ठामपणे चुकीचं सांगत राहतो. महिन्याला कॅलिब्रेशन करायचा कंटाळा येणार असेल तर मॉनिटर ही नुसती शोभेची वस्तू आहे.

दोन ठिकाणी मात्र मी मॉनिटरच घ्या म्हणेन. कोरलला कॅल्शियम मिळावं म्हणून चुन्याची निवळी थेंबथेंब सोडत असाल तर, कारण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो आणि एका रात्रीत जास्त गेली तर सकाळी टँक हातचा गेलेला असतो. आणि कॅल्शियम रिअॅक्टर (कार्बन डायऑक्साइड सोडून चुनखडी विरघळवणारं यंत्र) असेल तर. बाकीच्या कोरलवाल्यांनी बरा पेन घ्यावा, उरलेल्या पैशांत केएचचं किट.

मॉनिटर घेताना प्रोब सुटा मिळतो का, जोडणी बीएनसी (फिरवून बसवायचा प्रमाणित प्लग) आहे का, एवढं आधी विचारा. प्रोब वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो आणि इथे तो बहुधा कुरिअरनेच मागवावा लागेल.